‘नेचु’ जोडून की तोडून? क्रोएशियन भाषा प्रमाण कशी झाली आणि ती कशी अभ्यासावी

प्रश्न असा आहे: क्रोएशियन शिकायला घेतली. ‘मी करणार नाही’ या अर्थाचं ‘नेचु’ एका पुस्तकात जोडून छापलंय, दुसऱ्यात ‘ने चु’ असं तोडून. ‘झादाताक’ म्हणजे काम किंवा गणित. त्याचं अनेकवचन कुठे ‘झादात्सी’ दिसतं, तर कुठे त्यात जास्तीचा ‘टी’ घातलेला असतो. यातलं बरोबर काय? ते ठरवतं कोण? आणि सर्बियनशी इतकं साम्य असताना ही भाषा वेगळी म्हणायची ती कशाच्या जोरावर?

आधी कामापुरतं उत्तर. दोन्ही रूपं मान्य आहेत. त्यांच्यामागे शुद्धलेखनाच्या दोन वेगवेगळ्या परंपरा आहेत. नवशिक्याने राजधानी झाग्रेबमधल्या क्रोएशियन भाषा संस्थेची २०१३ची नियमावली धरावी, कारण ती संकेतस्थळावर मोफत आहे आणि शाळांसाठी शिक्षण मंत्रालयाने तिचीच शिफारस केली आहे. तिथे दोन पर्याय असले तर पहिला घ्या आणि एका लेखनात शेवटपर्यंत तोच ठेवा. वेगळेपणाच्या प्रश्नाला मात्र एका ओळीत उत्तर नाही. तो भाषेच्या मूळ द्रव्याचा प्रश्न नाही. कोणी, कधी, कोणत्या ग्रंथातून काय ठरवलं याचा तो प्रश्न आहे आणि ते निर्णय कळले की ‘नेचु’चा घोळही सुटतो.

सुरुवात बोलींपासून करू. क्रोएशियातल्या बोलींचे तीन मोठे गट आहेत आणि त्यांची नावं ‘काय’ या अर्थाच्या शब्दावरूनच पडली आहेत. श्तोकावियन बोलणारा ‘श्तो’ किंवा ‘श्ता’ म्हणतो. अ‍ॅड्रियाटिकच्या बेटांवरचा आणि इस्त्रियातला चाकावियन माणूस ‘चा’ म्हणतो. झाग्रेबच्या आसपासचा आणि उत्तरेकडचा कायकावियन माणूस म्हणतो ‘काय’! उच्चार जवळजवळ आपलाच, अर्थही तोच. प्रश्नार्थक ‘क’ दोन्हीकडे एकाच आदिम इंडो-युरोपीय मुळातून आलेला आहे. बाकीचं इतकं तंतोतंत जुळणं हा योगायोग.

दुसरा भेद एका जुन्या स्वराचा. प्राचीन स्लाव्ह भाषेत ‘यात्’ नावाचा एक स्वर होता. त्याचं पुढे कुठे ‘ए’ झालं, कुठे ‘इ’, कुठे ‘इये’. म्हणून दूध कुठे ‘म्लेको’, कुठे ‘म्लिको’, कुठे ‘म्लियेको’. आजची प्रमाण क्रोएशियन ही श्तोकावियन पायावरची, ‘इये’ उच्चाराची भाषा आहे. सर्बियन, बोस्नियन आणि माँटेनेग्रिन यांचा पायाही श्तोकावियनच. म्हणून झाग्रेबचा माणूस बेलग्रेडच्या माणसाशी दुभाष्याशिवाय बोलतो. उलट त्याच झाग्रेबच्या माणसाला एखाद्या बेटावरची अस्सल चाकावियन बोली समजायला बरंच अवघड जातं. राजधानी स्वतः कायकावियन पट्ट्यात आणि प्रमाणभाषा मात्र श्तोकावियन, ही गाठ नीट लक्षात ठेवा. बोलींचा नकाशा आणि भाषांच्या नावांचा नकाशा एकमेकांवर बसत नाहीत.

लेखनपरंपरा यापेक्षा खूप जुनी आहे. कृक बेटावर सापडलेला बाश्काचा शिलालेख साधारण इ. स. ११००चा. तो ग्लागोलित्सा लिपीत आहे आणि त्यात राजा झ्वोनिमिरचं नाव येतं. (‘कृक’ मधला ‘ऋ’ मुद्दाम लिहिला आहे. क्रोएशियनमध्ये ‘र’ स्वरासारखा चालतो. संस्कृतातल्या ऋकाराचा मूळ उच्चार सांगतात तो हाच. ‘क्रुक’ म्हटलं की चुकलं.) विनोदोलची कायद्यांची संहिता १२८८ची, ग्लागोलित्सातलं छापील प्रार्थनापुस्तक १४८३चं. ग्लागोलित्सा, सिरिलिकचा एक स्थानिक प्रकार आणि लॅटिन अशा तिन्ही लिप्यांत मजकूर लिहिला गेला. साहित्यही तिन्ही बोलींत झालं.

पहिलं व्याकरण बार्तोल काशिच या जेझुइट पाद्र्याचं, रोममध्ये १६०४ साली लॅटिनमधून छापलेलं. काशिच पाग बेटावरचा, म्हणजे जन्माने चाकावियन. धर्मप्रसारासाठी जास्तीत जास्त लोकांना कळेल अशी भाषा शोधता शोधता तो श्तोकावियनकडे वळला आणि १६४० सालचा आपला मोठा विधिग्रंथ त्याने तशाच भाषेत काढला. त्याच वर्षी, १६४० मध्येच, गोव्यात राशोल येथे थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचं कोकणी व्याकरण छापलं गेलं. एकाच संघटनेची, एकाच गरजेतून झालेली ही दोन कामं. प्रमाणीकरणाचा इतिहास वाचताना ही गरज विसरू नये: पहिलं व्याकरण लिहिणाऱ्यासमोर ‘शुद्ध काय’ हा प्रश्न नसतो, ‘कोणती बोली लांबवर पोचेल’ हा असतो.

शब्दकोशांची रांगही मोठी आहे: फाउस्त व्रान्चिचचा पंचभाषी कोश १५९५चा, मिकाल्याचा १६४९ ते १६५१चा, बेलोस्तेनेत्सचा १७४०चा. हे सगळे कोश लॅटिन किंवा इटालियनशी जोडलेले. त्यांचं महत्त्व पुढे कळतं, कारण एकोणिसाव्या शतकात नवे शब्द हवे होते तेव्हा याच कोशांतून ते उपसले गेले.

आता मुख्य टप्पा. १८३०च्या सुमाराला परिस्थिती अशी होती की झाग्रेबकडे हंगेरियन वळणाचं लेखन, किनाऱ्यावरच्या दाल्मात्सियात इटालियन वळणाचं, पूर्वेकडच्या स्लावोनियात आणखी तिसरं. ‘श’ हा एकच ध्वनी तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला जाई. भाषासुधारक ल्युदेवित गाय् यांनी १८३० मध्ये बुडा येथे एक छोटी पुस्तिका छापली: एका ध्वनीला एक चिन्ह. त्यातला पहिला आराखडा तसाच टिकला नाही. १८३५ मध्ये त्यांनी तो बदलला आणि आज दिसते ती लिपी त्यातून घडत गेली. ‘सी’, ‘एस’, ‘झेड’ या अक्षरांवरची व्ही-आकाराची खूण चेकमधून घेतली. ‘सी’वरची तिरकी रेघ पोलिशमधून घेतली. ‘ल्य’, ‘न्य’ आणि जड ‘ज’ यांच्यासाठी दोन-दोन अक्षरांच्या जोड्या ठेवल्या. आडवी रेघ मारलेलं ‘डी’ मात्र गाय् यांचं नाही. ते जुरो दानिचिच यांनी झाग्रेबच्या अकादमीच्या कोशासाठी सुचवलं. त्यांनी इतर जोड्यांसाठीही एकेरी अक्षरं सुचवली होती. त्यांतलं हे एकच टिकलं.

लिपीपेक्षा मोठा निर्णय बोलीचा होता. गाय् स्वतः क्रापिनाचे, म्हणजे घरात ‘काय’ म्हणणारे. त्यांचं वृत्तपत्र १८३५ मध्ये कायकावियनमध्येच सुरू झालं. १८३६ मध्ये त्यांनी ते श्तोकावियनवर नेलं. कारणं तीन: श्तोकावियन बोलणारे संख्येने जास्त होते आणि स्लावोनिया, दाल्मात्सियाचा मोठा भाग, बोस्निया असे पसरलेले होते, दुब्रोव्निकचं समृद्ध जुनं साहित्य त्याच पायावर होतं, आणि दक्षिणेकडच्या सगळ्या स्लाव्हांना एकत्र आणण्याचं इलिरियन चळवळीचं राजकीय स्वप्न होतं. स्वतःची बोली बाजूला ठेवून दुसरी निवडण्याचं असं उदाहरण युरोपात फारसं सापडत नाही. त्याच १८३६ साली व्येकोस्लाव बाबुकिच यांचं व्याकरण आलं. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरणही १८३६चंच. २३ ऑक्टोबर १८४७ रोजी क्रोएशियाच्या साबोरने, म्हणजे विधिमंडळाने, लॅटिनऐवजी क्रोएशियन ही अधिकृत भाषा ठरवली. तोवर तिथे कारभार लॅटिनमधून चालत होता.

इलिरियनांची एक युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. ‘यात्’च्या जागी त्यांनी ‘ई’वर व्ही-खूण देऊन एकच अक्षर लिहिलं. वाचणाऱ्याने ते आपल्या बोलीप्रमाणे ‘ए’, ‘इ’ किंवा ‘इये’ वाचावं. लेखन एक, उच्चार तीन! सगळ्यांना सामावून घेणारी ही सोय होती, पण ती टिकली नाही. पुढच्या पिढीला लेखन उच्चाराबरहुकूम हवं होतं.

ही पुढची पिढी म्हणजे वूक कराजिच या सर्बियन सुधारकाच्या मार्गाने जाणारे क्रोएशियन वैयाकरणी. मार्च १८५० मध्ये व्हिएन्नात पाच क्रोएशियन, दोन सर्बियन आणि एक स्लोव्हीन अशा आठ जणांनी एका कराराखाली सह्या केल्या: साहित्याची भाषा दक्षिणी ‘इये’ बोलीवर असावी, वगैरे. याला कायद्याचं बळ नव्हतं आणि झाग्रेबने पुढची चाळीसेक वर्षं तो फारसा पाळलाही नाही. आदोल्फो वेबर यांच्या ‘झाग्रेब शाळेत’, म्हणजे त्या विचाराच्या वैयाकरणींत, षष्ठीच्या अनेकवचनाला शेवटी ‘ह’ लावत, जुन्या विभक्ती वेगवेगळ्या ठेवत. विरोधक त्यांना ‘अहावी’ म्हणत. निकाल लागला तो तीन ग्रंथांनी: इवान ब्रोझ यांचं शुद्धलेखन १८९२, तोमिस्लाव मारेतिच यांचं व्याकरण १८९९, ब्रोझ आणि इवेकोविच यांचा कोश १९०१. व्याकरण आणि लेखन वूकवाद्यांच्या बाजूने गेलं. मारेतिच यांनी उदाहरणं मुख्यतः वूक आणि दानिचिच यांच्या लेखनातून घेतली, आणि जुन्या क्रोएशियन लेखकांची शतकांची परंपरा त्या व्याकरणात बाहेर राहिली. ही त्या ग्रंथाची खरी उणीव आहे आणि पुढच्या अनेक वादांचं बी तिथेच आहे.

शब्दसंग्रहात मात्र झाग्रेब शाळा जिंकली, हे बहुतेक संक्षिप्त इतिहासांत सुटतं. बोगोस्लाव शुलेक यांनी १८७४–७५ मध्ये शास्त्रीय परिभाषेचा कोश काढला. हायड्रोजनला ‘वोदिक’ (‘वोदा’ म्हणजे पाणी), ऑक्सिजनला ‘किसिक’ (‘किसेलो’ म्हणजे आंबट), दाबाला ‘त्लाक’. हे शब्द आजही शाळेच्या पुस्तकात तसेच आहेत. काही शब्द त्यांनी स्वतः घडवले, काही चेक आणि रशियनमधून घेतले, काही जुन्या कोशांतून उचलले. सर्बियन मात्र त्याच जागी बहुधा आंतरराष्ट्रीय शब्द घेत गेली. दोन भाषांतला आजचा सर्वांत ठळक फरक, म्हणजे परिभाषेचा, इथून सुरू होतो.

विसाव्या शतकात प्रमाणीकरण राजकारणाच्या हातात गेलं. १९२९ मध्ये युगोस्लाव राज्याने सगळ्यांसाठी एकच लेखनपद्धती लादली. १९४१ ते १९४५ या काळात फॅसिस्ट राजवटीने उलट टोक गाठलं: व्युत्पत्तीवर आधारलेलं लेखन सक्तीचं केलं आणि परके शब्द हुकमाने हटवले. याचं नुकसान फार दिवस भोगावं लागलं. युद्धानंतर क्रोएशियन शब्दाचा साधा आग्रह धरणाऱ्यावरही त्या राजवटीचा शिक्का बसण्याची भीती होती. डिसेंबर १९५४च्या नोव्ही साद करारात ‘सर्ब, क्रोएट आणि माँटेनेग्रिन यांची भाषा एकच’ असं ठरलं आणि १९६०ची संयुक्त शुद्धलेखन नियमावली निघाली. संयुक्त कोशाचे पहिले दोन खंड १९६७ मध्ये आले तेव्हा क्रोएशियन शब्दांना तिथे स्थानिक, दुय्यम जागा मिळते आहे असा रोष झाला. त्याच वर्षी १७ मार्चला ‘तेलेग्राम’ या साप्ताहिकात क्रोएशियन साहित्यभाषेचं नाव आणि स्थान याबद्दलचा जाहीरनामा छापला गेला. सह्या करणाऱ्यांमध्ये लेखक मिरोस्लाव क्रलेझा होते. त्यांना कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीतून बाहेर पडावं लागलं. १९७१ मध्ये बाबिच, फिन्का आणि मोगुश यांची ‘क्रोएशियन’ एवढंच नाव असलेली शुद्धलेखन नियमावली छापून तयार झाली आणि जवळजवळ सगळी नष्ट केली गेली. वाचलेल्या प्रतीवरून १९७२ मध्ये लंडनला पुनर्मुद्रण झालं, म्हणून तिला आजही ‘लोंदोनात्स’, म्हणजे लंडनवाली, म्हणतात.

डिसेंबर १९९०च्या राज्यघटनेत क्रोएशियन भाषा आणि लॅटिन लिपी अधिकृत ठरल्या. १ जुलै २०१३ पासून ती युरोपीय संघाची चोविसावी अधिकृत भाषा आहे. जानेवारी २०२४ मध्ये साबोरने क्रोएशियन भाषेचा कायदा केला. त्याचा रोख सरकारी कामकाजावर आणि भाषाधोरण ठरवणाऱ्या परिषदेवर आहे; घरात, मित्रांत किंवा कवितेत कोणी कोणती बोली वापरावी यात तो पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे.

‘नेचु’. ब्रोझपासून १९५०च्या दशकापर्यंत क्रोएशियन लेखनात ‘ने चु’ तोडूनच लिहीत. १९६०च्या संयुक्त नियमावलीने ते जोडलं. तोडणाऱ्यांचं म्हणणं असं की ‘ने’ हा नकार इतर क्रियापदांपासून वेगळा लिहितात (‘ने झ्नाम’, मला माहीत नाही), मग इथेच का जोडायचा? जोडणाऱ्यांचं म्हणणं असं की ‘निसाम’ (मी नाही) आणि ‘नेमाम’ (माझ्याकडे नाही) ही रूपं एकजीव झाली आहेत, तसंच हे. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बाजूंना आधार आहे. ताण व्याकरणाचा नाही, १९६० या वर्षाचा आहे. १९९० नंतर ‘तोडून’ हे देशाभिमानाचं चिन्ह बनलं. २००५ मध्ये नेमलेल्या भाषा-नियम परिषदेने तोडण्याची शिफारस केली. ती परिषद २०१२ मध्ये बरखास्त झाली. २०१३ची नियमावली जोडलेलं रूप आधी देते आणि तोडलेलंही चालवते. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक जोडूनच लिहितात.

‘झादाताक’चं अनेकवचन. शेवटच्या ‘ताक’मधला ‘आ’ अनेकवचनात गळतो, ‘क’चा ‘त्स’ होतो आणि ‘त’पुढे ‘त्स’ येतो. बोलताना तो ‘त’ वेगळा ऐकू येतच नाही. उच्चाराप्रमाणे लिहिणारे तो गाळतात, मूळ शब्द ओळखू यावा म्हणणारे ठेवतात. अनिच आणि सिलिच या नियमावलीकारांची परंपरा गाळणारी, ‘लोंदोनात्स’ची परंपरा ठेवणारी. २०१३ची नियमावली ‘त’ ठेवलेलं रूप पुढे करते, गाळलेलंही मान्य करते. शाळेच्या पुस्तकात म्हणूनच जास्तीचा ‘टी’ दिसतो आणि वर्तमानपत्रात बऱ्याचदा नाही.

तिसरा वाद तुम्हाला लवकरच भेटेल: चूक या अर्थी ‘पोग्रेश्का’ की ‘पोग्र्येश्का’. त्यासाठी ‘इये’चा नियम समजून घ्या, कारण शिकणाऱ्यांच्या सर्वांत जास्त चुका तिथे होतात. अक्षर दीर्घ असेल तर ‘आय-जे-ई’ लिहायचं, ऱ्हस्व झालं की नुसतं ‘जे-ई’. सुंदर म्हणजे ‘लियेप’, पण अधिक सुंदर म्हणजे ‘ल्येप्शी’. फूल ‘त्स्वियेत’, फुलं ‘त्स्व्येतोवी’. दूध ‘म्लियेको’, दूधवाला ‘म्ल्येकार’. आणि ‘र’च्या आधी व्यंजन असेल तर ऱ्हस्व झाल्यावर ‘जे’सुद्धा जातो: वेळ ‘व्रियेमे’, अनेकवचन ‘व्रेमेना’. ‘पोग्रेश्का’ या शेवटच्या नियमाने येते. दुसरी बाजू काही ठरावीक शब्दांत ‘जे’ परत आणते, मूळ ‘ग्रियेह’ (पाप) दिसावं म्हणून. २०१३ची नियमावली ‘जे’शिवायचं रूप आधी देते.

मराठी माणसाला हा नियम परका वाटू नये. ‘फूल’ पण ‘फुलं’, ‘मूल’ पण ‘मुलं’ असं आपण लिहितोच. शब्द वाढला की ऱ्हस्व. फरक इतकाच की तिथे ऱ्हस्व-दीर्घ झाल्यावर अक्षरंच बदलतात. म्हणून पाठ करताना एकटा शब्द पाठ करू नका. नाम, त्याचं अनेकवचन आणि त्यापासून झालेलं विशेषण अशी त्रिकुटं पाठ करा.

‘च’चं प्रकरण मराठीतून पाहिलं तर अर्धं सोपं आहे. क्रोएशियन ‘सी’ म्हणजे ‘चाक’, ‘चूल’ यांतला दंत्य च. तो आपल्याला आयता येतो, इतर अनेकांना येत नाही. पुढचं अवघड: तालव्य च त्यांच्याकडे दोन आहेत. व्ही-खुणेचा जड, जीभ थोडी मागे ओढून. तिरक्या रेघेचा मऊ, ‘चिंच’मधल्यापेक्षाही पुढचा. ‘चाशा’ (पेला) पहिल्याने, ‘कुचा’ (घर) दुसऱ्याने. झाग्रेबच्या पुष्कळ लोकांच्या बोलण्यात हे दोन्ही एकच झाले आहेत, त्यामुळे तिथली मुलंही लेखनात चुकतात. कानावर विसंबू नका, प्रत्ययांवर विसंबा: आडनावातला ‘-इच’ आणि भविष्यकाळातला ‘चु’ मऊ, ‘-आच’ हा कर्तृवाचक प्रत्यय जड.

आघातांचंही असंच आहे. व्याकरणं चार आघात सांगतात: ऱ्हस्व आणि दीर्घ, प्रत्येकी चढता आणि उतरता. कोश ते दाखवतात, छापील मजकूर दाखवत नाही. ‘ग्राद’ दीर्घ म्हणाल तर शहर, ऱ्हस्व म्हणाल तर गारा. ‘लुक’ ऱ्हस्व म्हणजे कांदा, दीर्घ म्हणजे धनुष्य. पहिल्या वर्षी आघाताची जागा आणि ऱ्हस्व-दीर्घ एवढं सांभाळा. चढ-उतार सगळे क्रोएशियन लोकही पाळत नाहीत.

शब्द तपासायची पद्धत. आधी २०१३च्या नियमावलीची शब्दसूची, लेखनासाठी. मग ‘ह्र्वात्स्की येझिच्नी पोर्ताल’ हा मोफत कोश, अर्थ, विभक्ती आणि आघातासाठी. शास्त्रीय संज्ञा असेल तर ‘स्त्रुना’ हा संस्थेचा पारिभाषिक संग्रह. शेवटी ‘डॉट एचआर’ संकेतस्थळांवरून गोळा केलेला वेब-कॉर्पस, लोक खरंच कसं लिहितात ते पाहण्यासाठी. हा क्रम उलटा करू नका. कॉर्पसमध्ये एखादं रूप जास्त वेळा आलं म्हणजे ते प्रमाण ठरत नाही, आणि नियमावलीत आहे म्हणून ते कुणी वापरतंच असंही नाही. शुद्धलेखन-तपासनीस म्हणून ‘हाशेक’ ही १९९४ पासून चालू असलेली सेवा चांगली आहे. पण ‘इये’च्या जागी ‘ये’ लिहून दुसराच खरा शब्द तयार झाला, तर सुटे शब्द तपासणारा तपासनीस ते पकडत नाही.

यंत्र-भाषांतरावर काम करणाऱ्यांनी सर्बियन मिसळ बघायलाच हवी. क्रोएशियनमध्ये कोण म्हणजे ‘त्को’, अट ‘उव्येत’, बिंदू ‘तोच्का’, हजार ‘तिसुचा’, आगगाडी ‘व्लाक’, पाव ‘क्रुह’. मजकुरात ‘को’, ‘उस्लोव’, ‘ताच्का’, ‘हिल्यादा’, ‘वोझ’, ‘ह्लेब’ दिसले की थांबा. वाक्यरचनेत ‘मला काम करायला हवं’ हे ‘मोराम रादिती’ असं धातुरूपाने येतं. ‘मोराम दा रादिम’ ही सर्बियन सवय. भविष्यकाळ ‘रादित चु’ असा दोन शब्दांत लिहितात, सर्बियनमध्ये तोच जोडून; उच्चार जवळपास सारखा. परकी विशेषनामं क्रोएशियन मूळ स्पेलिंगनेच ठेवते, सर्बियन ती उच्चाराप्रमाणे बदलते.

याच्या उलटची चूकही तितकीच वाईट. ‘विमान’ला ‘आवियोन’ म्हटलं की ते सर्बियन, असं समजून सगळीकडे ‘झ्राकोप्लोव’ घालणारे संपादक आहेत. ‘आवियोन’ हा क्रोएशियन प्रमाण शब्दच आहे. ‘झ्राकोप्लोव’ कायद्यात आणि तांत्रिक मजकुरात शोभतो. तसंच ‘माझे वडील डॉक्टर आहेत’: ‘मोय ये ओतात्स लियेच्निक’ हे औपचारिक लेखनात पसंत केलं जातं, कारण ‘ये’सारखे लहान शब्द वाक्यात दुसऱ्या जागी बसतात. पण ‘मोय ओतात्स ये लियेच्निक’ चूक नाही. नियम ताणून माणसाचं नाव आणि आडनाव यांच्यामध्ये ‘ये’ खुपसलं, तर वाचणारा अडखळतोच.

नवे शब्द कसे येतात? ‘येझिक’ हे १९५२ पासूनचं नियतकालिक १९९३ पासून नव्या शब्दांची स्पर्धा घेतं. टायपिंगच्या चुकीला सगळे जर्मनवरून आलेला ‘तिप्फेलेर’ म्हणत; स्पर्धेतून ‘झातिपाक’ आला. गतिरोधकाला बोलीत ‘आडवा पोलीस’ म्हणतात, त्याला ‘उस्पोर्निक’ आला, ‘उस्पोरिती’ म्हणजे मंदावणे यावरून. असे सगळे शब्द जगत नाहीत. जगतात ते बहुधा असे, ज्यांचा धातू रोजचा आहे, प्रत्यय ओळखीचा आहे आणि ज्यांची बोलीतल्या शब्दाहून लांबी फार वाढत नाही.

‘एकच भाषा की दोन’ यावर भाषाशास्त्रज्ञांत आजही दोन मतं आहेत. स्न्येझाना कोर्दिच आणि २०१७च्या ‘सामायिक भाषे’च्या जाहीरनाम्यामागचे लोक म्हणतात की ही अनेक केंद्रांची एक भाषा आहे. रादोस्लाव कातिचिच यांच्यासारखे अभ्यासक प्रमाणभाषा ही स्वतंत्र ऐतिहासिक घडण मानतात. परस्परांना समजण्याची कसोटी लावली तर पहिली बाजू बरोबर ठरते. नियमग्रंथ, परिभाषा, शाळा आणि कायदा पाहिले तर दुसरी. माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं, कारण काम करणाऱ्याला जे पाळावं लागतं ते नियमग्रंथ आहेत, आणि ते दोन आहेत. पण बोली वेगळ्या म्हणून भाषा वेगळी, हा युक्तिवाद करू नका. तो श्तोकावियन पायावर टिकत नाही.

दोन तांत्रिक गोष्टी. वर्णमाला तीस अक्षरांची आहे आणि त्यांत ‘एल-जे’, ‘एन-जे’ आणि ‘डी’ला खुणेचा ‘झेड’ लागून झालेली जोडी ही प्रत्येकी एक अक्षर धरली जातात. कोशात ‘ल्युबाव’ (प्रेम) हा शब्द ‘लुत्का’ (बाहुली) नंतर येतो, कारण ‘एल’चे सगळे शब्द संपल्यावरच ‘एल-जे’ सुरू होतं. संगणकाला भाषा ‘एचआर’ अशी सांगितली नाही तर यादी चुकीची लागते. मात्र ‘इन्येक्त्सिया’ (इंजेक्शन) मध्ये ‘एन’ आणि ‘जे’ दोन वेगळी अक्षरं आहेत. यंत्राला ते कळत नाही, माणसाने बघावं लागतं. महिन्यांची नावंही जपून. ‘लिस्तोपाद’, म्हणजे पानगळ, क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर. चेक आणि पोलिशमध्ये तोच शब्द नोव्हेंबर. करारनाम्यावर तारीख असेल तर महिना आकड्यातही लिहा.

मराठीत क्रोएशियन नावं लिहिताना ‘जे’चा ‘य’ करा: ‘जोसिप’ नव्हे, ‘योसिप’. ‘एच’ आहे तिथे ‘ह’ लिहा, फक्त तो घशातून थोडा घासून म्हणायचा. ‘कोवाचिच’ या आडनावात पहिला च जड आहे, दुसरा मऊ; देवनागरीत दोन्ही सारखेच दिसणार. कोश, सूची किंवा ज्ञानकोशाची नोंद करत असाल तर नावाचं मूळ लॅटिन रूप खुणांसकट एकदा द्या, नाहीतर त्या नावावरून मूळ माणूस पुन्हा शोधता येत नाही.